न्हाणीघरातली उघाडी

आमच्या बिल्डिंगमध्ये आता कुणी काही दुरुस्त करत नाही. बिल्डिंग जाणार आहे ना! विमानतळ होणार, होणार म्हणता म्हणता झाला, डोक्यावरून विमानं जायला लागली आणि पनवेलमधल्या प्रत्येक जुन्या बिल्डिंगला पाडून नवी बांधायचं वेड लागलं. आमचीही त्यातलीच. जिन्यातली लादी निघाली, राहू दे, बिल्डिंग जाणार आहे. गच्ची गळतेय, ताडपत्री टाका, बिल्डिंग जाणार आहे. एकदा मी आमच्या ह्यांना विचारलं, माझी दाढ दुखतेय, ती काढून घेऊ की तीही बिल्डिंगबरोबरच जाऊ दे? त्यांनी पेपरमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. बिल्डरबरोबर मीटिंगा करून करून त्यांना वाटायला लागलंय की आपण नव्या घरात राहायला गेलोच आहोत, फक्त सामान हलवायचं तेवढं बाकी आहे.

मी घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म. मशीन बिघडलं तर कारागिराच्या नाकदुऱ्या काढायला मी जात नाही, माझं मीच खोलते, साफ करते, जोडते. त्यामुळे स्क्रू, नट ह्यांची मला भीती नाही. आणि तोंड जरा तिखट आहे, हेही आधीच सांगून टाकते. माहेर नेऱ्याचं. आमच्याकडे बायका शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावरच्या बाईशी बोलतात, त्यामुळे हळू बोलायची सवयच नाही.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. मुलगी लग्न होऊन गेली. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते. ऐंशी कधीच ओलांडली त्यांनी. सगळी उमर उरणकडच्या मिठागरात गेली. आधी वडिलांबरोबर, मग स्वतः. पुढे जमिनी गेल्या, मिठागरं गेली, मुलाला बंदरात नोकरी लागली आणि हे कुटुंब पनवेलला आलं. बाबा आले, पण त्यांच्या सवयी तिकडच्याच राहिल्या. त्यातली सगळ्यात पक्की सवय आंघोळीची. मिठागरात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर मीठ बसतं, ते धुतल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आंघोळ करायची, देवापुढे दिवा लावायचा आणि मगच अन्नाला हात लावायचा. सणवार असो, ताप असो, ह्यात बदल नाही. आणि आंघोळीचं पाणी त्यांनी कधी कुणाला काढायला लावलं नाही. सासूबाई होत्या तेव्हाही नाही. माझं माझं मी, असा खाक्या.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबा मासळी बाजारात घसरून पडले. उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण तो हात छातीच्या वर काही जाईना. पायही लटपटायला लागले होते, म्हणून डॉक्टरांनी न्हाणीघरात खाली बसायला मनाई केली. पाटावर बसून तांब्यानं पाणी घेणं संपलं. मग ह्यांनी भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा ठोकून घेतला, शॉवरखाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. शॉवर आमच्याकडे होता, पण तो आजवर कुणी फारसा वापरला नव्हता. बादली भरली की आम्ही समाधानी. बाबा पहिल्या दिवशी कुरकुरले, पावसात बसल्यावानी वाटतं म्हणाले. आठवड्याभरात मात्र रमले. डाव्या हातानं दांडा धरायचा, उजव्या हातानं जमेल तिथवर साबण लावायचा, वरून पाणी पडत राहायचं. दार आतून लावलेलं. सगळं त्यांचं त्यांनी.

आणि एके दिवशी सकाळी शॉवर बंद पडला.

आमचा नळ म्हणजे बिल्डिंग बांधली तेव्हाचा. जाड पितळेचा. एका बाजूला गरम पाण्याची चावी, दुसऱ्या बाजूला गार पाण्याची आणि मधोमध एक छोटी दांडी. ती वर केली की पाणी खालच्या तोटीतून यायचं आणि खाली केली की वरच्या शॉवरमधून. ही उलटी अक्कल कुणाची, कोण जाणे, पण आमच्या हातांना सवय झाली होती. त्या दिवशी ती दांडी नुसतीच गोल गोल फिरायला लागली. कशीही फिरवा, पाणी आपलं खालच्या तोटीतून. आतला काहीतरी तुकडा मोडला होता, एवढं मला फिरवल्याबरोबर कळलं. मशीनची बॉबिन केस तुटली की चाक असंच मोकळं फिरतं.

प्लंबरला बोलावलं. आला, बघितलं, भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि डॉक्टर वाईट बातमी सांगतात तसा चेहरा केला. म्हणाला, ह्याचा पार्ट आता मिळत नाही, अख्खा नळ बदलावा लागेल. नळ काढायला गेलं तर आतला पाइप गंजलेला आहे, तो भिंतीतच तुटेल. मग लाद्या फोडायच्या, नवी लाइन टाकायची, खालच्यांच्या छताला ओल येणार ती निराळीच. म्हटलं, मग करायचं काय? तर मला म्हणतो कसा, वहिनी, थोडे दिवस चालवून घ्या ना, बिल्डिंग जाणारच आहे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच्या हातात चहाचा कप होता म्हणून वाचला.

हँडशॉवरचंही डोक्यात आलं होतं. पण बाबांचा एक हात भिंतीच्या दांड्याला आणि दुसरा वर जात नाही, तो शॉवर धरणार कोण?

मग ठरलं की मुलानं बापाला आंघोळ घालायची. ह्यांची दुपारची शिफ्ट होती, सकाळी वेळ मिळत होता. बादली स्टुलावर ठेवली, तांब्या घेतला आणि दोघं आत गेले. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. हे आत विचारत होते, पाणी जास्त गरम नाही ना? डोळे मिटलेत ना? बाबांचा आवाज नाही. हूं नाही की चूं नाही. नुसतं पाणी पडल्याचं ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा मान खाली. दिवा लावला, अर्धी भाकरी खाल्ली आणि दिवसभर गॅलरीत बसून राहिले. माझ्याकडे काही बघेनात. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी वाद घालत आलाय, कालवणात मीठ कमी म्हणून, भाकरी जाड म्हणून. त्या दिवशी भाकरी जाडच झाली होती आणि ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज नको, थंडी हाय. बाहेर दसऱ्यानंतरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बरं वाटत नाय. आंघोळ नाही म्हणून दिवा नाही, दिवा नाही म्हणून जेवण नाही. चहा तेवढा घ्यायचे. गोळ्या रिकाम्या पोटी द्यायच्या कशा? मी आधी समजावलं, मग रागावले, मग हात टेकले. भाकरीचं ताट पुढे केलं तर त्यांनी ते अगदी हळू, डाव्या हातानं माझ्याकडे परत सरकवलं. मी म्हटलं, अहो बाबा, मुलगाच आहे ना तुमचा, त्याच्यापुढे कसली लाज? त्यांनी तोंड गॅलरीच्या गजांकडे फिरवलं.

"मेल्यावर लोकं आंगोळ घालतीलच की," ते म्हणाले. "तवर माझी मी करीन."

मी ताट उचलून आत नेलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. चिडूनही रडले आणि वाईट वाटूनही. माणूस समोर बसून खंगायला लागलाय आणि आपण सगळे एका पितळेच्या तुकड्यापुढे हतबल होऊन बसलोय!

हे घरी आले तेव्हा सांगितलं, तो नळ मी खोलणार. ते घाबरले. माझ्या हाताची भीती नव्हती त्यांना, भिंतीतल्या पाइपाची होती. समजुतीच्या सुरात म्हणाले, थोडं थांब, बिल्डरचं आता नक्की होतंय, आणि मोबाइल काढून नव्या बाथरूमचा फोटो दाखवायला लागले. काचेचं दार, चकचकीत शॉवर, भिंतीला संगमरवर. मी म्हटलं, "ते सगळं होईपर्यंत बाबा उपाशी बसणार आहेत का?" त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. बंदरावर मोठमोठे कंटेनर हलवणारा माणूस, पण बापापुढे त्याचं काही चालत नव्हतं आणि ते त्यालाही लागलं होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी रागात होते.

अख्खा नळ काढायचाच नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं. भिंतीला धक्का न लावता फक्त मधल्या दांडीमागचा तुकडा बाहेर काढायचा. मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ बघितले. एवढं कळलं की दांडीखाली स्क्रू असतो, त्यामागे एक मोठा पितळी नट आणि नटामागे तो तुकडा. त्याला स्पिंडल म्हणतात. आमच्या नटावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर इतका जाड बसला होता की नट कुठे संपतो आणि नळ कुठे सुरू होतो तेही दिसेना. देवाची पितळी भांडी आपण कशानं घासतो? आमसुलानं. वाटीभर आमसुलं गरम पाण्यात भिजवली, त्यात फडकं बुडवलं आणि नटाला करकचून बांधून ठेवलं. पाणी पितोय की काय तो थर, असं वाटावं इतका सकाळपर्यंत मऊ झाला. जुन्या टूथब्रशनं घासला तर खालून पिवळंधमक पितळ निघालं.

ह्यांची त्या दिवशी दिवसाची शिफ्ट होती. ते गेले आणि मी पदर खोचला. पाण्याची पिंपं, कळश्या आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या. पनवेलमध्ये राहणाऱ्या बाईला पाण्याशिवाय दिवस काढायचं शिकवावं लागत नाही. पाना आणि पक्कड घरात होतीच. फक्त गच्चीवर जाऊन टाकीपाशी आपल्या न्हाणीघराचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता. गच्चीवर सगळ्या घरांचे पाइप शेजारी शेजारी, त्यावर कोणे एके काळी रंगानं नंबर लिहिलेले. आता ते नंबर उन्हापावसानं पार धुऊन गेले होते. पुन्हा रंगवले का नाहीत? बिल्डिंग जाणार आहे! अंदाजानं एक व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली आले. नळाला हात लावते न लावते तोच खालच्या मजल्यावरच्या काकूंची हाक. त्या केसांना शिकेकाई लावून बसल्या होत्या आणि त्यांचं पाणी गेलं होतं. खिडकीतून त्यांनी माझा जो उद्धार केला, तो शेजारच्या बिल्डिंगनंही ऐकला असेल. मी पुन्हा गच्चीवर पळाले, त्यांचा सुरू केला, दुसरा बंद केला. नशीब, तोवर नट सोडवला नव्हता, नाहीतर मलाही तिथल्या तिथे अभ्यंगस्नान घडलं असतं.

ह्या सगळ्या गडबडीत बाबा गॅलरीतून उठून न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. मी त्यांना खुर्ची दिली. दांडीचा स्क्रू सोडून ती काढली, नटावर पाना लावला, देवाचं नाव घेतलं आणि जोर लावला. हलेना. पुन्हा लावला. बाबा म्हणाले, झटका देऊ नको, दाबून धर. मला त्याचा रागच आला, पण दाबून धरला आणि नट कुरकुरत फिरला. भिंत जागच्या जागी. पक्कडीनं स्पिंडल बाहेर ओढला तर हातात त्याचे दोन तुकडे आले.

ते मी बाबांच्या हातात दिले. बोटभर लांबीची पितळी सळई, तिला एका बाजूनं खाच. फिरवली की खाच एकदा वरच्या वाटेसमोर येणार, एकदा खालच्या. बाबांनी दोन्ही तुकडे जुळवून धरले, फिरवून बघितले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"अगो, ही तर उघाडी हाय," ते म्हणाले.

मिठागराच्या बांधाला एक लाकडी फळीचं दार असतं. भरतीच्या वेळी ते वर उचललं की खाडीचं पाणी आत येतं, खाली सोडलं की थांबतं. त्याला उघाडी म्हणतात. मग बाबा बोलायलाच लागले. आधी मोठ्या खणात पाणी घ्यायचं, तिथून लहान खणात, कुठल्या खणाला कधी द्यायचं, कुठल्याला तहानलेलं ठेवायचं. पाणी आपल्याआपण शहाणं नसतं, त्याला वाट दाखवावी लागते. रात्री-बेरात्री भरती आली की ते उघाडीपाशी कसे बसायचे, त्यांच्या बापानं एकदा उघाडी उघडी राहिली म्हणून त्यांना कसं झोडपलं होतं. मी लादीवर बसून ऐकत होते. हा माणूस उपाशी होता, पण बोलत होता. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

तुकडे रुमालात बांधून मी उरण नाक्याला गेले. हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, पूर्ण सेट घ्या. एकानं तर तो तुकडा असा उलटापालटा करून बघितला, जणू मी खोदकामात सापडलेलं काहीतरी आणलंय. शेवटच्या दुकानदाराला माझी दया आली असावी. त्यानं नवं रबरी वॉशर दिलं, पाणी गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची टेप दिली आणि सांगितलं, गाढी नदीच्या पुलापलीकडे जुन्या सामानवाल्याकडे बघा, पाडलेल्या बिल्डिंगांचं सगळं तिथे येतं.

रिक्षा करून गेले. काय सांगू! खिडक्यांचे गज, दारं, बेसिनं, कमोड, पाट्यांवर अजून कुणाकुणाची आडनावं. एवढ्या लोकांच्या घरातलं सगळं उघड्यावर मांडलेलं बघून कसंसंच झालं. नळांचा एक ढीग होता. मी त्यात बसकण मारली आणि एकेक उचलून बघायला लागले. तिथला मालक म्हणाला, बहनजी, कपडे खराब होतील. मी म्हटलं, होऊ देत, धुवायला पाणी असलं म्हणजे झालं. ढिगाच्या तळाशी हाताला ओळखीचं काहीतरी लागलं. अगदी आमच्यासारखाच नळ, तसाच जाड, तशीच मधली दांडी. फिरवली तर घट्ट, टक्कन थांबणारी. मी तिथेच ओरडणार होते, पण भाव वाढेल म्हणून गप्प बसले. तो माणूस नुसता तुकडा काढून देईना, घ्यायचा तर अख्खा नळ घ्या म्हणाला. घेतला. कुणाची तरी बिल्डिंग आधीच गेली होती, म्हणून आमचा शॉवर सुरू होणार होता. येताना पिशवीत तो नळ आणि वर मेथीची जुडी, असं सगळं मांडीवर घेऊन रिक्षात बसले. इतका आनंद मला सोन्याची पाटली घेताना झाला नव्हता.

घरी येऊन त्या नळातला स्पिंडल काढला, आमसुलाच्या पाण्यानं धुतला, नवं वॉशर घातलं. बाबा शेजारी होतेच. ते म्हणत होते सुतळी गुंडाळ, मी म्हणत होते टेप. बरीच वादावादी झाली. शेवटी टेप गुंडाळली आणि त्यांच्या समाधानासाठी वरून दोरा. स्पिंडल आत सरकवला, नट पुन्हा दाबून आवळला. राहिली दांडी. ती स्पिंडलच्या टोकावरच्या दातांवर बसते, कुठल्याही बाजूनं बसवली तरी बसते. मी हातात धरून उभी, तर बाबांनी विचारलं, उचलल्यावर पाणी कुठून येणार? मी म्हटलं, खालच्या तोटीतून. त्यांना ते पटेना. उघाडी उचलली की पाणी सुटलं पाहिजे आणि पाडली की थांबलं पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांच्या मते शॉवर म्हणजे सुटलेलं पाणी. मी दमले होते, भूक लागली होती. म्हटलं, तुमच्या मनासारखं, आणि दांडी त्यांनी सांगितली तशी, आधीच्या बरोबर उलटी बसवली. गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह सुरू केला, खाली येऊन दांडी वर उचलली. वरून पाण्याची सर आली. नटापाशी थोडं ठिबकत होतं, अजून पाव फेरा दिला, तेही थांबलं. बाबांनी हात पुढे करून ते पाणी तळव्यावर घेतलं. दोरा रात्रभर मुरू दे, आंघोळ सकाळी करीन, म्हणाले आणि तोही दिवस चहावर काढला.

ह्या उलटापालटीचं मी ह्यांना सांगायला विसरले. संध्याकाळी हे कामावरून आले ते रोजच्यासारखे बूट काढून पाय धुवायला थेट न्हाणीघरात. पाय धुवायला खालची तोटी हवी, खालच्या तोटीसाठी दांडी वर. उचलली. आतून जी काही किंकाळी आली! जाऊन बघते तर सेक्रेटरी साहेब शर्टपँटसकट चिंब, एका हातानं मोबाइल उंच धरलेला, दुसऱ्या हातानं दांडी शोधतायत. मला हसू आवरेना. आणि माझ्या मागून दुसरं हसणं ऐकू आलं. बाबा भिंतीला धरून, खांदा दुखेल म्हणून जपून जपून, पण पोट धरून हसत होते. हे आधी चिडले, मग बापाला हसताना बघून तेही हसायला लागले. दांडी सरळ करून घे, असं मला म्हणाले. बाबा म्हणाले, राऊ दे. राहिली. आता आमच्याकडे कुणी पाहुणा आला की आम्ही आधी त्याला दांडीचं सांगतो. काही पाहुण्यांना मुद्दाम सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टॉवेल घेऊन उठले. मी खुर्ची पुसली, साबण हाताशी ठेवला, पाणी हवं तसं कोमट करून दिलं. ते आत गेले आणि मी दाराबाहेर घुटमळत राहिले. न जाणो, घसरले तर?

"बाय, तू जा," आतून आवाज आला. "हितं उभी नको राऊ."

गेले. पण कान तिकडेच. पाणी पडत राहिलं, पडतच राहिलं. एरवी एवढं पाणी वाया गेलं असतं तर मी दार ठोठावलं असतं. त्या दिवशी टाकी रिकामी झाली असती तरी चाललं असतं. बऱ्याच वेळानं बाबा बाहेर आले. केस ओले, अंगाला साबणाचा वास, कपडे त्यांचे त्यांनीच घातलेले, गुंडी एक चुकलेली. दिवा लावला. पानावर बसले आणि पहिला घास घेतल्याबरोबर म्हणाले, भाकरी जाड झाली. मी म्हटलं, उद्यापासून पापडासारखी करते. मला इतकं सुख वाटलं की मी दुसरी भाकरी मुद्दाम तशीच जाड केली.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे थोडा तोरा मिरवला. प्लंबर काय म्हणाला होता, तुम्ही काय म्हणाला होतात, वगैरे. ते ऐकून घेत होते. मग गॅलरीत उभे असताना म्हणाले, "मला बरं वाटलं होतं गं. त्यांची पाठ चोळताना." मला आधी कळेचना काय म्हणतायत. ते म्हणाले, लहानपणी बाबा मिठागरावरून यायचे तेव्हा विहिरीवर त्यांची पाठ चोळायचं काम ह्यांचं होतं. मग शाळा, नोकरी, लग्न, त्या पाठीला पुन्हा हात कधी लागलाच नाही. परवा लागला. पाठ आता एवढीशी झालीये, म्हणाले. पण बाबांना ते नको होतं आणि ह्यांना ते सांगता येत नव्हतं. आता शॉवर सुरू झाला ते चांगलंच झालं, असंही म्हणाले, आणि खाली रस्त्याकडे बघत राहिले. बाबांना हे सांगावं की नाही, ते मला कळेना. नाही सांगितलं.

रविवार आला. मी ओट्याशी बोंबील साफ करत होते. हे बाहेर पेपर वाचत बसले होते. बाबा आत आंघोळीला गेलेले, पाणी चालू. मध्येच पाणी थांबलं. मी सुरी खाली ठेवली. कडी सरकल्याचा आवाज आला आणि मग बाबांचा आवाज, माझ्यासाठी नव्हे.

"अरे, ये जरा. पाठीला हात पोचत नाय माझा."

पेपर तसाच जमिनीवर पडला. हे उठले, पँटचे पाय वर दुमडायला खाली वाकले, ते धड दुमडलेही नाहीत, आणि आत गेले. दार अर्धवट उघडंच राहिलं. पुन्हा पाणी सुरू झालं. मी हात न धुताच ओट्याशी उभी होते.

"जोरात घास," बाबा आत सांगत होते. "मोडत नाय मी."